वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने लिव्हरचा कॅन्सर वाढतो का? जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गेली कित्येक वर्षं सर्दी-ताप आला की तुम्ही घरात उरलेल्या स्ट्रिपमधून किंवा जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक आणून ३ दिवस घेता, आता कुठेतरी वाचलं की अँटिबायोटिकच्या गैरवापराने लिव्हरचा कॅन्सर वाढतो, आणि त्यात घरात सासऱ्यांना सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब झालेलं, त्यांना डॉक्टरांनी रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक रोज चालू ठेवलंय, मग ती गोळी बंद करावी का. बाकी सगळं नंतर, आधी एवढं ऐका की सासऱ्यांची गोळी बंद करू नका. आजच्या आज बंद करून चार दिवसांत माणूस बरळायला लागतो, झोपेचं चक्र उलटं होतं, आणि मग रात्री इमर्जन्सीत पळापळ होते, असे पेशंट आम्ही लिव्हरवाले नेहमी बघतो, आणि विचारलं की कळतं कोणीतरी घरातल्याने काहीतरी वाचून गोळी थांबवलेली असते. आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो, ती चुकीची नाहीये, फक्त जितकी सरळ वाटते तितकी सरळ नाहीये.

मुळात पोटातल्या जंतूंचा आणि लिव्हरचा संबंध येतो कुठून ते बघा. लिव्हरला जे रक्त मिळतं त्यातलं साधारण पाऊण रक्त हृदयाकडून थेट येत नाही, ते आतड्यातून पोर्टल व्हेनने येतं. म्हणजे आतड्यात जे काही पचलं, सडलं, जंतूंनी बनवलं, त्याचा पहिला हिशेब लिव्हरला द्यावा लागतो. आतड्यातल्या काही जंतूंच्या आवरणात एलपीएस नावाचा पदार्थ असतो, तो थोडाथोडा रोजच लिव्हरपर्यंत येतो आणि तिथल्या कुप्फर सेल्स म्हणजे पहारेकरी पेशी तो गिळून टाकतात, निरोगी माणसाला पत्ताही लागत नाही. सिरॉसिसमध्ये मात्र आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं, जंतूंचा समतोल बिघडलेला असतो, आणि हा एलपीएस जास्त प्रमाणात येऊन लिव्हरमध्ये कायमची धुमसती सूज ठेवतो. दुसरा धागा पित्ताचा. लिव्हर कोलिक आणि चिनोडीऑक्सिकोलिक ही बाइल अ‍ॅसिड्स बनवून आतड्यात सोडतं, तिथले काही जंतू, मुख्यतः क्लॉस्ट्रिडियम गटातले, त्यांचं रूपांतर डीऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिकमध्ये करतात, आणि यातलं जवळजवळ ९५ टक्के पित्त परत शोषलं जाऊन लिव्हरकडेच येतं. तेव्हा आतड्यातले जंतू बदलले की लिव्हरला परत येणारं पित्त बदलतं, आणि हे पित्त नुसतं तूप-तेल पचवायचं काम करत नाही, ते पेशींना सिग्नलही देतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं रिसर्च समजायला सोपं जातं.

आता गंमत अशी की या विषयातले जे सगळ्यात गाजलेले प्रयोग आहेत ते तुम्ही वाचलंत त्याच्या बरोब्बर उलटं सांगतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने उंदरांमध्ये केमिकल देऊन लिव्हर कॅन्सर तयार केला, आणि ज्या उंदरांना चार अँटिबायोटिक्सचं कॉकटेल देऊन आतडं जवळपास जंतूमुक्त केलं त्यांच्यात ट्यूमर कमी झाले, अगदी उशिरा म्हणजे आजार पुढे गेल्यावर सुरू केलं तरीही. त्यांचं म्हणणं होतं की एलपीएस जिथे जाऊन चिकटतो तो टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर कॅन्सर सुरू करत नाही पण सुरू झालेल्याला खतपाणी घालतो. २०१३ मध्ये जपानच्या ग्रुपने लठ्ठ उंदरांमध्ये दाखवलं की आतड्यातल्या जंतूंनी बनवलेलं डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड लिव्हरमधल्या स्टेलेट नावाच्या पेशींना म्हातारं करतं आणि त्या म्हाताऱ्या पेशी असे काही पदार्थ सोडतात की शेजारी कॅन्सर फोफावतो, आणि तिथेही जंतू मारले की कॅन्सर कमी. मग २०१८ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधलं काम आलं, त्याची खूप चर्चा झाली. त्यांनी दाखवलं की अँटिबायोटिक दिल्यावर पित्ताचं रूपांतर करणारे जंतू कमी होतात, मूळ स्वरूपातलं पित्त वाढतं, त्याने लिव्हरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात सीएक्ससीएल-१६ नावाचं बोलावणं पाठवणारं प्रोटीन वाढतं, आणि त्या बोलावण्यावर एनकेटी नावाच्या लढाऊ पेशी लिव्हरमध्ये गोळा होऊन ट्यूमर रोखतात. त्यांनी व्हँकोमायसिन एकटं दिलं तरी एनकेटी पेशी तशाच गोळा झाल्या, कारण ते नेमके ग्रॅम पॉझिटिव्ह नावाच्या गटातले जंतू मारतं आणि पित्त बदलणारे जंतू त्यातलेच.

म्हणजे अँटिबायोटिकने कॅन्सर कमी होतो असं म्हणायचं का? थांबा. त्याच २०१२ साली उंदीर नव्हे तर मोठ्या रॅट्सवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात पेनिसिलिन देऊन आतड्यातला समतोल बिघडवला तेव्हा लिव्हरमधले ट्यूमर वाढले, आणि प्रोबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंचं मिश्रण दिल्यावर कमी झाले. दोन्ही प्रयोग खरे, दोन्ही नीट केलेले. फरक कुठे पडला तर कोणते जंतू मेले आणि मोकळ्या जागेत कोण येऊन बसलं यात. चार औषधांचं कॉकटेल सगळंच साफ करतं, एलपीएसवालेही जातात, त्यामुळे सूज उतरते. अर्धवट साफसफाई केली की नेमके चिवट, एलपीएसवाले, सूज वाढवणारे जंतू उरून पसरू शकतात. तण उपटायला जाऊन पीक उपटलं तर शेतात काय वाढेल हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून अँटिबायोटिक या एका शब्दाखाली सगळी औषधं घालून कॅन्सर वाढतो की कमी होतो असा प्रश्न विचारला की उत्तर मिळतच नाही, कोणतं औषध, किती दिवस, कुठल्या लिव्हरमध्ये, आजाराच्या कुठल्या टप्प्यावर, हे सगळं विचारावं लागतं. बातमी लिहिणाऱ्याला एवढी जागा नसते, मग एक प्रयोग उचलतात आणि हेडलाइन बनवतात.

शिवाय उंदीर आणि माणूस यात इथे खरंच मोठा फरक आहे, नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. उंदराच्या लिव्हरमध्ये एनकेटी पेशी भरपूर असतात, लिम्फोसाइट्समधला मोठा वाटा त्यांचाच, माणसाच्या लिव्हरमध्ये त्या प्रकारच्या पेशी फारच कमी आणि त्यांच्याऐवजी एमएआयटी नावाच्या पेशींची गर्दी असते. उंदराचं पित्तही वेगळं, त्याच्यात म्युरिकोलिक अ‍ॅसिड असतं जे माणसात मोठ्या प्रमाणात नसतंच. प्रयोगातल्या उंदराला पाण्यातून आठवडेच्या आठवडे तगडी औषधं दिलेली असतात, तुमच्या ३ दिवसांच्या गोळ्यांशी त्याची तुलना होऊच शकत नाही. २०१८ च्या त्या कामात त्यांनी माणसांच्या लिव्हरचे नमुनेही तपासले होते आणि पित्ताचा प्रकार आणि सीएक्ससीएल-१६ यांचं नातं त्याच दिशेने दिसलं, हे मान्य, पण नातं दिसणं आणि गोळी घेऊन फायदा होणं यात बरंच अंतर आहे. तोंडाने घ्यायचं व्हँकोमायसिन आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या स्वतःच्या लढाऊ पेशींना कॅन्सरवर सोडणारी औषधं) एकत्र देऊन माणसांवर छोटी ट्रायलसुद्धा घेतली गेली, पण त्यातून आज लिव्हर कॅन्सरच्या उपचारात व्हँकोमायसिन आलेलं नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण उद्या कोणीतरी हा उंदराचा प्रयोग वाचून उलट्या टोकाला जाईल आणि कॅन्सरवर उपाय म्हणून अँटिबायोटिक शोधत फिरेल, तसं झालेलं बघितलंय.

बरं, माणसांचं काय? ज्यांनी जास्त अँटिबायोटिक घेतली त्यांना लिव्हर कॅन्सर जास्त होतो का हे बघायला ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या मोठ्या डेटाबेसवर एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. कॅन्सर झालेले साधारण १२०० लोक आणि त्यांच्याशी वयाने वगैरे जुळणारे न झालेले साडेचार हजारांच्या वर लोक घेऊन मागची प्रिस्क्रिप्शन्स तपासली. अँटिबायोटिक कधीतरी घेतलेल्यांमध्ये शक्यता थोडी जास्त दिसली, न घेतलेल्यांच्या तुलनेत साधारण २० टक्क्यांच्या आसपास. ऐकायला घाबरवणारं वाटतं, पण पुढची ओळ वाचायची, जितके जास्त कोर्स तितका जास्त धोका असा चढता क्रम काही दिसला नाही. आम्हाला हा चढता क्रम फार महत्त्वाचा असतो. सिगारेटचं बघा, जितकी जास्त ओढली तितका धोका चढत जातो, म्हणून तिथे कोणी वाद घालत नाही. इथे १ कोर्स घेणारा आणि १५ कोर्स घेणारा यांच्यात ठळक फरकच नसेल तर खुनी दुसराच कोणीतरी असण्याची शंका घ्यावी लागते.

आणि तो दुसरा कोण हेही उघड आहे. ज्याला आधीच लिव्हरचा आजार आहे, डायबेटीस आहे, दारू जास्त आहे, वजन जास्त आहे, त्याला इन्फेक्शन्स जास्त होतात, तो डॉक्टरकडे जास्त जातो, त्याला अँटिबायोटिक जास्त लिहिली जातात, आणि त्यालाच लिव्हर कॅन्सरही जास्त होतो. दोन्ही एकाच मुळातून आलेले. अजून एक गोची म्हणजे कॅन्सर कळायच्या आधी काही महिने बारीक ताप, थकवा, पोटात दुखणं सुरू झालेलं असतं, तेव्हा डॉक्टर इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक देतो, मग मागे वळून बघितलं की असं वाटतं गोळीमुळे कॅन्सर झाला, खरं तर कॅन्सरमुळे गोळी दिली गेली होती. चांगले अभ्यास म्हणून निदानाच्या आधीचं एखादं वर्ष मोजणीतून काढूनच टाकतात. जिथे हे केलेलं नसतं तो अभ्यास मी फारसा मनावर घेत नाही.

कॅन्सर झाल्यानंतरचं चित्र वेगळं आहे आणि तिथे वाद अजून रंगलेला आहे. २०२० नंतर पुढच्या टप्प्यातल्या लिव्हर कॅन्सरला इम्युनोथेरपी हा पहिला पर्याय झाला, अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅबची जोडी आली आणि मग ड्युर्व्हालुमॅब-ट्रेमेलिमुमॅब. फुप्फुस, किडनी आणि मूत्रमार्गाच्या कॅन्सरमध्ये २०१८ मध्ये फ्रान्सच्या ग्रुपने दाखवलं होतं की इम्युनोथेरपी सुरू करायच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेले पेशंट कमी जगले. सगळ्यांना वाटलं लिव्हरमध्येही तसंच असणार. हाँगकाँगच्या अभ्यासात तसंच दिसलं, इम्युनोथेरपी चालू असताना अँटिबायोटिक घेतलेल्यांचं आयुष्य कमी. पण अनेक देशांमधल्या साडेचारशेच्या आसपास पेशंटच्या दुसऱ्या अभ्यासात इम्युनोथेरपीच्या सुरुवातीला घेतलेल्या अँटिबायोटिकने नुकसान दिसलं नाही, उलट आजार पुढे सरकायला जास्त वेळ लागला. आता यात कोण बरोबर? माझं मत विचाराल तर दोन्हीकडे पेशंट वेगळे आहेत. ज्याला निमोनिया झाला, रक्तात इन्फेक्शन गेलं, त्याला अँटिबायोटिक दिलं आणि तो दगावला, तर दोष इन्फेक्शनचा की गोळीचा हे मागाहून फाइल वाचून सांगणं फार अवघड असतं. म्हणून कॅन्सरच्या पेशंटला खरं इन्फेक्शन असेल तर इम्युनोथेरपी चालू आहे म्हणून अँटिबायोटिक रोखून धरू नये, आणि नुसत्या घशाच्या खवखवीला देऊही नये. दोन्ही बाजूंनी हट्ट करणारे नातेवाईक भेटतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते इथे आहे. तुम्ही तुमच्या गोळ्या आणि तुमचा कॅन्सर असा धागा शोधताय, माझ्या मते खरा धागा तुमच्या गोळ्या आणि सासऱ्यांचं इन्फेक्शन असा जातो. सिरॉसिसचा पेशंट बऱ्याचदा इन्फेक्शनने जातो, मग त्याला कॅन्सर असो वा नसो. पोटात पाणी झालेलं असतं, त्या पाण्यात आपोआप इन्फेक्शन होतं, त्याला आम्ही एसबीपी म्हणतो, सुई घालून पाणी काढलं आणि त्यात न्यूट्रोफिल पेशी दर घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त आल्या की रिपोर्टची पुढची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. अन्ननलिकेतल्या शिरा फुटून रक्ताची उलटी झाली तर एंडोस्कोपी तर करतोच पण त्याबरोबर सेफ्ट्रायॅक्सोनसारखं अँटिबायोटिक दिलं की मृत्यू कमी होतात, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. म्हणजे या माणसांसाठी अँटिबायोटिक अक्षरशः जीव वाचवणारी गोष्ट आहे, आणि ती चालली पाहिजे.

चालते का? २०१९ मध्ये सिरॉसिसच्या १३०२ पेशंटचा अनेक खंडांमध्ये झालेला अभ्यास आला, सगळ्यांना बॅक्टेरियल इन्फेक्शन होतं. ज्यांचे जंतू कल्चरमध्ये, म्हणजे नमुना लॅबमध्ये वाढवून बघितल्यावर, सापडले त्यांच्यात ३४ टक्के जंतू मल्टिड्रग रेझिस्टंट निघाले, म्हणजे बऱ्याच औषधांना दाद न देणारे. अशा पेशंटमध्ये इन्फेक्शन बरं होण्याचं प्रमाण कमी, शॉक जास्त, मृत्यू जास्त. आणि हे कोणाला जास्त होतं याची जी कारणं सापडली त्यात एक कारण होतं आधीच्या ३ महिन्यांत घेतलेलं अँटिबायोटिक. हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलाय, कारण वॉर्डात नवीन पेशंट आला की मी नातेवाइकांना पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा येतं की हो, एकदा ताप आला होता तेव्हा काहीतरी दिलं होतं, नाव आठवत नाही.

लिव्हर कॅन्सरच्या उपचारातही हाच अडथळा येतो. टेस करतात, म्हणजे ट्यूमरला रक्त पुरवणारी धमनी शोधून त्यात औषध सोडून ती बंद करतात, किंवा सुईने ट्यूमर जाळतात. त्यानंतर क्वचित मेलेल्या ट्यूमरच्या जागी गळू होतो, ज्यांच्या पित्तनलिकेत स्टेंट आहे किंवा पित्तनलिका ऑपरेशन करून आतड्याला जोडलेली आहे त्यांना हा धोका बराच जास्त असतो कारण आतड्यातले जंतू नळीने वर चढलेले असतात. आता हे जंतू साध्या औषधाला बधत असतील तर गळू आठवडाभरात आटोक्यात येतो, नसतील तर पेशंट महिनाभर अ‍ॅडमिट, आणि तोवर कॅन्सरचा पुढचा उपचार अडकून पडतो. ट्रान्सप्लांटच्या यादीत असेल तर इन्फेक्शन बरं होईपर्यंत यादीत नाव असून नसल्यासारखं. अँटिबायोटिकच्या गैरवापराने लिव्हर कॅन्सरच्या पेशंटचं नुकसान होतं हे मी शंभर टक्के मान्य करतो, फक्त ते नुकसान या वाटेने होतं. यासाठी उंदराची गरज नाही, कुठल्याही लिव्हर आयसीयूत रोज दिसतं.

आणि हे रेझिस्टंट जंतू एका माणसापुरते राहत नाहीत. ईएसबीएल, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारं एन्झाइम, बनवणारे ई-कोलाय सारखे जंतू आतड्यात बिनबोभाट राहतात, काही त्रास देत नाहीत, आणि एका घरात राहणाऱ्यांमध्ये हात, टॉयलेट, स्वयंपाक यातून इकडून तिकडे जातात, घरातल्या एकाकडे असले तर दुसऱ्याकडे सापडण्याची शक्यता वाढते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तुम्ही व्हायरल सर्दीला घेतलेला ३ दिवसांचा कोर्स तुमच्या सर्दीला काहीच करत नाही, पण तुमच्या आतड्यातल्या साध्या जंतूंना मारून चिवटांना जागा करून देतो. तुम्हाला त्याने उद्या काही होणार नाही, तुमची तब्येत चांगली आहे. पण तुम्ही ज्यांना हाताने भरवता, ज्यांची औषधं काढून देता, त्यांच्या झिरपणाऱ्या आतड्यात तो जंतू गेला तर गोष्ट वेगळी. जगभरात २०१९ या एका वर्षात रेझिस्टंट जंतूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि हा अंदाज लॅन्सेटमध्ये आलेला, कुठल्या फॉरवर्डमधला नाही.

तुमच्या स्वतःच्या लिव्हरला अँटिबायोटिकचा एक थेट धोकाही आहे ज्याबद्दल कोणी विचारत नाही. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनेटची जी जोडगोळी आहे, घरात उरलेली स्ट्रिप बहुतेक तीच असते, ती औषधांमुळे होणाऱ्या लिव्हर इजेच्या यादीत जगात सगळ्यात वर असणाऱ्यांपैकी आहे. प्रमाण कमी आहे, घाबरायचं कारण नाही, पण गंमत अशी की कावीळ गोळ्या चालू असताना येईलच असं नाही, कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुद्धा येते, खाज सुटते, लघवी गडद होते, आणि पेशंटला गोळी आठवतच नाही कारण ती कधीच संपलेली असते. मग हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, कधी एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय होतो, आणि शेवटी कोणीतरी विचारतं की मागच्या दोन महिन्यांत काही घेतलं होतं का. बहुतेकांची ही इजा आपोआप भरून येते. त्यातून कॅन्सर होतो असं नाही, तो वेगळा विषय.

आतड्यातले जंतू परत येतात का, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. बऱ्यापैकी येतात. १२ निरोगी तरुणांना ४ दिवस मेरोपेनेम, जेंटामायसिन आणि व्हँकोमायसिन एकत्र दिलं होतं, त्यांचे जंतू साधारण दीड महिन्यात पूर्वीच्या जवळ आले, पण आधी सगळ्यांमध्ये असलेल्या ९ जाती बहुतेकांमध्ये ६ महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत. ही फार तगडी औषधं होती, तुमच्या गोळ्यांनी इतकं होत नाही, पण दर दोन महिन्यांनी कोर्स घेतला तर भरून यायला वेळच मिळत नाही हे समजण्यासारखं आहे. आणि लगेच प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणायला पळू नका. २०१८ मध्ये इस्रायलच्या ग्रुपने दाखवलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे स्वतःचे जंतू परत यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला, बाहेरून आलेले पाहुणे जागा अडवून बसले. सासऱ्यांना तर स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.

आता तुम्हाला लिव्हर कॅन्सरचीच भीती असेल तर जिथे धोका खरा आहे तिथे बघा. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू, फॅटी लिव्हर आणि डायबेटीस, बुरशी लागलेल्या धान्य-दाण्यांमधलं अफ्लाटॉक्सिन, आणि कुठल्याही कारणाने झालेला सिरॉसिस, ही ती यादी, आणि हिच्यापुढे अँटिबायोटिकचा जो काही संशयित वाटा असेल तो नगण्य. तैवानने १९८४ मध्ये बाळांना हिपॅटायटिस बीची लस सुरू केली आणि पुढे मुलांमधला लिव्हर कॅन्सर उतरला, एवढं ठोस उदाहरण कॅन्सरच्या जगात फार कमी आहे. तुम्ही एकदा एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (सीसाठी) या दोन रक्ततपासण्या करून घ्या, आयुष्यात कधी केल्या नसतील तर. बी निगेटिव्ह असेल आणि लस झाली नसेल तर लस घ्या. सीवर आता गोळ्यांनी पूर्ण बरं होता येतं. सासऱ्यांची दर ६ महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी झाली पाहिजे, बरोबर एएफपी ही रक्ततपासणी केली तर चांगलंच, आणि मागची सोनोग्राफी नॉर्मल होती म्हणून पुढची चुकवायची नाही, ही चूक लोक फार करतात. छोटा ट्यूमर सापडला तर बरा करायचे पर्याय असतात, मोठा झाल्यावर फक्त थोपवायचे.

जाता जाता अजून एक, तुम्ही अँटिबायोटिकबद्दल एवढं विचारलंत पण सासऱ्यांना रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे का ते बघा. पॅन्टोप्रॅझोलसारखी औषधं आतड्यातले जंतू बदलतात आणि सिरॉसिसमध्ये त्यांचा आणि इन्फेक्शनचा संबंध बऱ्याच अभ्यासांत आलाय. कधीतरी रक्ताच्या उलटीनंतर थोडे दिवस म्हणून सुरू झालेली असते आणि मग कोणी थांबवतच नाही. ती गरजेची आहे का हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका.

रिफॅक्सिमिनचं सांगतो आणि थांबतो. ही गोळी आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाही, आतड्यातच काम करते आणि अमोनिया वगैरे मेंदूला त्रास देणारे पदार्थ कमी करते. २०१० च्या ट्रायलमध्ये आधी हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम होऊन बरळण्याचा झटका, येऊन गेलेल्या २९९ पेशंटना ६ महिने बघितलं, गोळी न मिळालेल्यांपैकी ४६ टक्क्यांना परत झटका आला, गोळी मिळालेल्यांपैकी २२ टक्क्यांना. बहुतेक जण लॅक्टुलोज हे पोट साफ करणारं औषधही घेत होते, म्हणजे हा फायदा त्याच्या वरचा. रेझिस्टन्सचा प्रश्न हिलाही आहे, २०२४ मध्ये नेचरमध्ये आलं की रिफॅक्सिमिनमुळे एन्टरोकोकस जातीचे जंतू डॅप्टोमायसिन या शेवटच्या फळीतल्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, त्यामुळे ज्याला गरज नाही त्याला ती चालू ठेवू नये हे बरोबर. पण सासऱ्यांना आधी झटका येऊन गेला असेल तर गरज आहे. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारा की ही गोळी झटक्यासाठी आहे की दुसऱ्या कशासाठी, आणि किती दिवस. जाताना मागच्या ३ महिन्यांत त्यांनी घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव, तारीख आणि किती दिवस घेतलं हे कागदावर लिहून न्या, नाव आठवत नसेल तर रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, आणि त्यांना पुढे कधी ताप, पोटदुखी, बरळणं किंवा लघवी कमी होणं यातलं काही झालं तर घरातल्या स्ट्रिपमधली गोळी न देता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, कारण एक गोळी पोटात गेली तरी पोटातल्या पाण्याचं कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं आणि मग कुठला जंतू आहे हे न कळता अंदाजाने औषध द्यावं लागतं.